अपयशाला चरित्रकार नाही

यशाचा मार्ग दाखविणारी पुस्तके साहित्य नव्हेत, सबब समीक्षेने त्यांचा विचार करण्याचे कारण नाही, ही मराठीतील एक रूढ भूमिका आहे. दुसरी भूमिका स्वतःला अधिक पुरोगामी समजते. तिच्या मते ही पुस्तके म्हणजे भांडवली विचारप्रणालीने पसरविलेली भ्रामक जाणीव होय; ती तशी आहे असे एकदा जाहीर केले की काम संपले. पहिली भूमिका पुस्तक उघडत नाही आणि दुसरीला ते उघडण्याची गरज वाटत नाही. परिणामी एका साध्या प्रश्नाचे उत्तर दोहोंपाशीही नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील कारखानदारांच्या आणि अमेरिकेतील पोलादसम्राटांच्या आयुष्यांवर बेतलेला उपदेश, ते कारखाने आणि ते सम्राट इतिहासजमा झाल्यावरही, आज वसतिगृहाच्या खोलीत आणि रस्त्याकडेच्या पुस्तकविक्रेत्यापाशी टिकून का आहे? वाचक भोळा असतो, हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. त्यातून वाचकाविषयी काही कळत नाही. उत्तर देणाऱ्याविषयी मात्र बरेच कळते.

या पुस्तकांतील उपदेश नवा नसतो. पहाटे उठावे, काटकसर करावी, एकदा धरलेले काम सोडू नये, हे कळण्यासाठी कोणी तीनशे पाने वाचत नाही. ते घरातल्या कोणत्याही आजीने सांगितलेले असते. तरीही ती पाने वाचली जातात, कारण वाचकाला उपदेश नव्हे तर कथन हवे असते. या वाङ्मयप्रकाराची सारी ताकद त्याच्या कथनरूपात आहे, आणि कथनरूप हा तर समीक्षेचा हक्काचा प्रांत. नेमक्या याच ठिकाणी समीक्षेने पाठ फिरविली आहे.

सॅम्युएल स्माइल्स (१८१२–१९०४) याच्या 'सेल्फ-हेल्प'पासून प्रारंभ करणे सोयीचे. शिक्षणाने वैद्य, १८३८ पासून 'लीड्स टाइम्स'चा संपादक, मताधिकाराच्या विस्तारासाठी झगडणारा सुधारणावादी आणि पुढे रेल्वे कंपनीचा चिटणीस, असा हा गृहस्थ. रूटलेजने नाकारलेले त्याचे हस्तलिखित अखेर १८५९ च्या नोव्हेंबरात जॉन मरे यांनी प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात त्याच प्रकाशकाने डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' काढले होते. स्माइल्सच्या पुस्तकाच्या पहिल्याच वर्षात वीस हजार प्रती गेल्या आणि त्याच्या मृत्यूपर्यंत अडीच लाखांच्या आसपास. एवढा तपशील सर्वत्र आढळतो. ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते ती गोष्ट पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे.

लीड्समधील अगदी खालच्या थरातील दोन-तीन तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकाच्या झोपडीवजा घरात जमून एकमेकांना शिकवू लागले. ज्याला जे येत होते ते त्याने दुसऱ्याला द्यायचे, एवढाच नियम. संख्या वाढली तशी ही शाळा उन्हाळ्यात बागेत भरू लागली, आणि थंडी पडल्यावर त्यांनी एक कळकट जागा भाड्याने घेतली. कॉलऱ्याच्या साथीत तेथे तात्पुरते रुग्णालय उघडलेले होते, म्हणून ती घ्यायला कोणी धजत नव्हते. सुमारे शंभर तरुण तेथे वाचन, लेखन, गणित, भूगोल शिकत. त्यांनी स्माइल्सला चार शब्द सांगायला बोलाविले. १८४५ साली दिलेल्या त्या व्याख्यानांतून हे पुस्तक जन्मले. म्हणजे 'स्वावलंबना'च्या या आद्य ग्रंथाची जन्मकथा परस्परावलंबनाची आहे. कॉलऱ्याच्या खोलीत एकत्र बसलेल्या शंभर जणांनी व्याख्याता बोलाविला नसता, तर पुस्तकच झाले नसते.

प्रस्तावना संपते आणि हे शंभर जण नाहीसे होतात. मुख्य संहितेत वॉट येतो, आर्कराइट येतो, वेजवुड येतो. प्रत्येक जण एकटा. या पुस्तकातील सर्वांत गाजलेले आख्यान बर्नार्ड पॅलिसी या सोळाव्या शतकातील फ्रेंच कुंभाराचे आहे. शुभ्र मीन्याचा शोध घेताना भट्टीचे सरपण संपते, तेव्हा तो आधी बागेचे कुंपण, मग घरातले सामानसुमान आणि फळ्या भट्टीत घालतो. बायकोमुले आक्रोश करीत गावात धावत सुटतात, हा माणूस वेडा झाला म्हणून. आणि मीना वितळतो! स्माइल्सचे निवेदन येथे खरोखर प्रभावी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या निवेदनात बायकोचे स्थान काय, हे पाहावे. तिची भूक, तिचे भय, तिने वर्षानुवर्षे चालविलेला संसार, या सर्वांना कथेत 'अडथळा' एवढेच कार्य नेमून दिलेले आहे. मीना वितळला म्हणून ती चूक ठरते. तो वितळला नसता तर तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोन्ही शक्यतांत पॅलिसीची चिकाटी तीच, फळ्या त्याच, भट्टीही तीच. फरक फक्त शेवटाचा, आणि शेवट कथनकाराला आधीच ठाऊक आहे.

या वाङ्मयाचे व्याकरण ते हेच. आयुष्य पुढे जगले जाते आणि यशाची कथा मागून सांगितली जाते. मागून पाहिले की प्रत्येक दारिद्र्य 'पूर्वतयारी' होते, प्रत्येक नकार 'कसोटी' होतो. ज्याने तीच कसोटी दिली आणि ज्याचा मीना वितळला नाही, त्या कुंभाराचे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारणच उरत नाही. प्रॉपने १९२८ साली रशियन परीकथांचे जे रूपविश्लेषण केले त्याच्या शेजारी हे ठेवून पाहण्यासारखे आहे. लोककथेत धाकटा भाऊ यशस्वी होतो, पण त्याच्या आधी निघालेले आणि फसलेले थोरले भाऊ त्या कथेत हजर असतात. त्यांच्यावाचून कथा पुढे सरकत नाही. यशवाङ्मयात थोरले भाऊ नाहीत. या एका बाबतीत परीकथा अधिक वास्तववादी म्हणावी लागते.

स्माइल्सला हे कळत नव्हते असे नाही, आणि येथे त्याच्यावर नेहमी होणारी टीका त्याला अन्याय करते. १८६६ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने दोन कबुल्या दिल्या आहेत. पुस्तकाचे नाव चुकले, कारण त्यावरून हा स्वार्थाचा गौरव आहे असा समज झाला. स्वतःला साहाय्य करणे या कर्तव्यात शेजाऱ्याला साहाय्य करणे अंतर्भूतच आहे, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची. यशाला जसा प्लूटार्क मिळतो तसा अपयशाला का मिळू नये, असा आक्षेप त्याच्यापर्यंत पोहोचला होता. तत्त्वतः त्याला हरकत नाही, असे तो म्हणतो. मात्र निव्वळ अपयशाची नोंद वाचायला खिन्न करणारी आणि शिकण्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरेल, असे सांगून तो पुढे जातो. चांगल्या कार्यात आलेले अपयश आदरास पात्र असते, हेही तो मान्य करतो. त्याच्या पॅलिसीचा अंत बॅस्टिलच्या तुरुंगात, धर्मश्रद्धा न सोडल्यामुळे होतो, आणि तो अंत स्माइल्स लपवीत नाही. स्माइल्सचे यश म्हणजे पैसा नव्हे, शील. त्याच्या आजच्या वारसदारांनी नेमकी ही बाजू टाकून दिली. अपयशाला हाकलून लावण्याची युक्ती तेवढी घेतली.

असे गाळणे या परंपरेत नवीन नाही. बेंजामिन फ्रँकलिनचा १७५८ चा 'द वे टु वेल्थ' हा मजकूर काटकसरीच्या सुभाषितांचा आद्य संग्रह म्हणून शेकडो वेळा छापला गेला. मूळ रचना अशी: लिलाव सुरू होण्याची वाट पाहत जमलेल्या गर्दीला एक वृद्ध उद्योग आणि काटकसर यांवर लांबलचक प्रवचन देतो. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि लिलाव सुरू होताच अगदी उलट वागून भरमसाट खरेदी करतात. ज्याची वचने त्या प्रवचनात उद्धृत झालेली असतात तो पंचांगकर्ता मात्र बाजूला उभा राहून सुखावतो आणि नव्या कोटाचे कापड न घेता घरी जातो. म्हणजे उपदेशाचे अपयश ही या उपदेशाची मूळ चौकटच होती. पुनर्मुद्रणांनी पुष्कळदा चौकट काढली आणि प्रवचन ठेवले. फ्रँकलिनवर तुटून पडणाऱ्या डी. एच. लॉरेन्सनेही १९२३ साली त्याला सरळ अर्थानेच वाचले. विनोद ओळखण्याच्या बाबतीत निंदक आणि भक्त यांच्यात फारसे अंतर राहिले नाही.

नेपोलियन हिलच्या 'थिंक अँड ग्रो रिच'मध्ये (१९३७) हे तंत्र पूर्णत्वास जाते. अँड्र्यू कार्नेगीने १९०८ साली आपल्याला यशाचे रहस्य दिले आणि वीस वर्षे यशस्वी पुरुषांचा अभ्यास करण्याचे काम सोपविले, हा हिलचा दावा. कार्नेगी १९१९ साली वारला. या भेटीचा स्वतंत्र पुरावा त्याच्या चरित्रकारांना सापडलेला नाही. पण दाव्याच्या खरेखोटेपणापेक्षा त्याचे कथनकार्य अधिक बोलके आहे. हे रहस्य पुस्तकात शंभराहून अधिक वेळा आले आहे, परंतु ते थेट नाव घेऊन सांगितलेले नाही. जो तयार असेल त्याला ते सापडेल, असे हिल आरंभीच बजावतो. बार्थने 'एस/झेड'मध्ये (१९७०) ज्याला रहस्यसंकेत म्हटले तो येथे कार्यरत आहे, फरक इतकाच की बाल्झॅकच्या कथेत रहस्याचा उलगडा अखेर होतो आणि हिलच्या पुस्तकात तो कधीच होत नाही. उलगड्याची जबाबदारी वाचकाच्या आयुष्यावर ढकललेली आहे. वाचक श्रीमंत झाला तर त्याला रहस्य सापडले. झाला नाही तर तो तयार नव्हता. या संहितेला खोटे ठरविता येईल असा एकही वाचक संभवत नाही. अयशस्वी वाचकाला उरतो तो एकच मार्ग: पुस्तक पुन्हा वाचणे. टिकाऊ आकर्षणाचे याहून नेटके यंत्र सापडणे कठीण.

स्माइल्सपासून हिलपर्यंत शीलाकडून इच्छेकडे झालेला हा प्रवास आणि त्यामध्ये डेल कार्नेगीने १९३६ साली गाठलेला 'व्यक्तिमत्त्वा'चा टप्पा अमेरिकन इतिहासकार वॉरन सस्मन याने दाखवून दिलेला आहे. (या डेलचे मूळ आडनाव 'कार्नेगे' अशा वेगळ्या उच्चाराचे होते, त्याने ते पोलादसम्राटाच्या आडनावासारखे करून घेतले. लोकांवर छाप कशी पाडावी याचा हा पहिला धडा म्हणता येईल.) आजच्या बाजारात हे सारे एका 'अभिजात' मालिकेत शेजारी शेजारी बसतात, याचे एक कारण कायद्याचे आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. डेल कार्नेगी १९५५ साली वारला, म्हणजे २०१६ पासून कोणीही त्याचे भाषांतर छापू शकतो. पुष्कळशी अभिजातता अशी फुकट मिळालेली असते.

ही पुस्तके केव्हा रुजतात, हेही पाहण्यासारखे आहे. नाकामुरा मासानाओ याने 'सेल्फ-हेल्प'चे जपानी भाषांतर १८७१ साली प्रसिद्ध केले. तोकुगावा सत्ता नुकतीच कोसळली होती आणि जन्माने मिळालेला दर्जा गमावून बसलेल्या सामुराई तरुणांना जगात उभे राहण्याची नवी भाषा हवी होती. पुस्तकाचा खप अफाट झाला. हिलचे पुस्तक महामंदीत निघाले. समृद्धी आली म्हणून यशवाङ्मय फोफावते हा समज उलटा आहे. जुनी शिडी मोडते आणि नवी दिसत नाही, तेव्हा त्याला वाचक मिळतो.

मराठीतील त्याचा इतिहासही याच प्रकाशात वाचावा लागेल. किर्लोस्करवाडीहून १९२० साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'ने, पुढच्या 'किर्लोस्कर' मासिकाने, उद्योगाची प्रतिष्ठा पांढरपेशा वाचकाच्या मनात रुजविली. नोकरीच्या पलीकडे ज्याला काही दिसत नव्हते अशा वर्गाला ती गरजेची होती, आणि त्या उपदेशामागे नांगर आणि कारखाना यांचे प्रत्यक्ष जग उभे होते. आजच्या भाषांतरित यशवाङ्मयामागे तसे काही नाही. दासबोधात व्यवस्थापनशास्त्र शोधणाऱ्या व्याख्यानांनी त्याला देशी कूळ मिळवून दिले आहे; रामदासांच्या प्रयत्नवादाला जो विवेकाचा आणि परमार्थाचा संदर्भ आहे तो या व्यवहारात सोयीस्करपणे गळून पडतो.

या वाङ्मयाचा आजचा खरा वाचक पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसलेला आहे. लोकसेवा आयोगाच्या काहीशे जागा आणि लाखांच्या घरात अर्ज, हे गणित त्याला समीक्षकापेक्षा चांगले ठाऊक असते. तरीही निवड झालेल्या उमेदवाराच्या सत्काराचे भाषण तो ऐकतो, आणि त्या भाषणाची रचना पॅलिसीच्या आख्यानाहून वेगळी नसते: हलाखी, निर्धार, सोळा तासांचा अभ्यास, यश. तेवढेच तास बसून ज्यांची निवड झाली नाही त्यांना व्यासपीठावर बोलाविण्याची प्रथा नाही. जागांची संख्या वाढली नाही तर अभ्यासाचे तास वाढवून निवड होणाऱ्यांची संख्या वाढत नाही, हे अंकगणित त्या कथनात कोठेच मावत नाही. म्हणून पाचव्या प्रयत्नानंतर गावी परतणाऱ्या तरुणापाशी स्वतःच्या अपयशाचे एकच स्पष्टीकरण असते, आणि ते त्याच्या विरुद्ध जाणारे असते.

यावर असा आक्षेप येईल की, ज्याच्यापाशी वडिलोपार्जित जमीन नाही, ओळखी नाहीत, इंग्रजी नाही, त्याला ही पुस्तके निदान उभे राहण्याचे बळ देतात. ते काढून घेणारी समीक्षा त्याला देणार काय? आक्षेप खरा आहे आणि विचारप्रणालीच्या नावाने त्याला झटकून टाकता येत नाही. जन्म हेच भवितव्य समजणाऱ्या समाजात, माणूस स्वतःच्या कृतीने बदलू शकतो, हे विधान क्षुल्लक नव्हे. लीड्सच्या त्या खोलीतही ते क्षुल्लक नव्हते. परंतु तेथे ते विधान शंभर जणांनी मिळून उच्चारले होते. डॉ. आंबेडकरांनी शिक्षणाच्या जोडीला संघटन आणि संघर्ष ही पदे ठेवली ती अलंकार म्हणून नव्हे. त्यांतले पहिले पद तेवढे उचलून उरलेली दोन टाकणे, ही स्माइल्सच्या प्रस्तावनेपासून स्माइल्सच्या पहिल्या प्रकरणापर्यंतची वाटचाल आहे.

ज्या अपयशाला स्माइल्सने चरित्रकार नाकारला त्याला तो कादंबरीने दिला. फिट्झजेरल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'च्या (१९२५) अखेरीस गॅट्सबीचा वृद्ध बाप एक जुने पुस्तक दाखवितो. मागच्या कोऱ्या पानावर मुलाने १९०६ साली लिहिलेले दिवसाचे वेळापत्रक आणि निश्चय आहेत, थेट फ्रँकलिनच्या वळणाचे. मुलाचे प्रेत घरात आहे आणि बाप ते पान अभिमानाने वाचून दाखवीत आहे. उपदेश फसला हे तर त्या प्रसंगात आहेच. त्याहून भेदक हे की फसल्याचे समोर दिसत असूनही बापाचा विश्वास ढळत नाही. कादंबरी आणि यशवाङ्मय यांचे हे नाते इंग्रजी समीक्षेने आता गंभीरपणे तपासायला घेतले आहे; बेथ ब्लम यांचे 'द सेल्फ-हेल्प कम्पल्शन' (२०२०) हे त्याचे ठळक उदाहरण. मराठीत या तपासणीला अधिक सबळ सामग्री उपलब्ध असताना ती झाली नाही.

ती सामग्री म्हणजे दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) यांचे लेखक बाह्यतः स्माइल्सच्या नायकाच्या व्याख्येत चपखल बसतात: तळातून आलेले, शिकलेले, नाव मिळविलेले. आणि त्यांची तशी गणना झालीही. सत्कारांच्या भाषणांतून, पुरवण्यांतील परिचयांतून आणि, हे अधिक खेदजनक, विद्यापीठीय परीक्षणांतून 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून जिद्दीने वर आलेला लेखक' हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले की ते कोणी लिहिले हे विचारण्यातही अर्थ उरलेला नाही. ज्या समीक्षेने यशवाङ्मयाला हातही लावला नाही, तिने मराठीतील सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या संहिता त्याच वाङ्मयाच्या व्याकरणाने वाचल्या. 'परिस्थिती' म्हणजे मीना वितळेपर्यंतचा अडथळा. तो ओलांडला गेला, लेखक वर आला, आता टाळ्या.

या संहिता स्वतः मात्र त्या व्याकरणाला जुमानत नाहीत. त्यांतील 'परिस्थिती'ला नावे आहेत, जात आहे, गावातील घर आणि पद आहे; ती नायकाच्या चारित्र्याची परीक्षा घेण्यासाठी आलेली नाही आणि तो शिकल्यावर निघूनही गेलेली नाही. मागे राहिलेली माणसे त्यांत ओळीने येतात: शाळा सुटलेली भावंडे, तुरुंगात गेलेले नातलग, राबून संपलेल्या आया. पॅलिसीच्या बायकोला जे मिळाले नाही ते, म्हणजे स्वतःचा आवाज, त्यांतल्या बायकांना निदान काही ठिकाणी मिळतो. आणि 'बलुतं'ची निवेदनयोजना तर जणू मागून सांगितलेल्या यशकथेला अडविण्यासाठीच रचलेली आहे. तेथे शिकलासवरलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार हा सांगणारा नाही. तो ऐकणारा आहे. सांगतो आहे दगडू मारुती पवार, ज्याला वर आलेला माणूस विसरू पाहतो आणि जो त्याच्या समोर बसून राहिला आहे.